शंका-समाधान : स्ट्रायकर परत येतो तेव्हा

गेल्या अंकात चांद्रयान-३ च्या 'प्रज्ञान' बग्गीवरच्या अल्फा कणांच्या उपकरणाबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली बहुतेक पत्रं रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांची निघाली, याचा मला फार आनंद झाला. मीही रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून आयन झोताच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंचा वेगवान मारा करणाऱ्या, प्रयोगशाळेत शिरले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच रमले. पहिल्या आठवड्यात मला पडलेले प्रश्न यांतल्या दोन-तीन पत्रांत जवळजवळ त्याच शब्दांत आहेत. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला, आयन आदळवून मूलद्रव्यं मोजण्याला, दिलं आहे.

प्रश्न : मॅडम, आमच्या अभ्यासक्रमात अणुकेंद्रकाचं प्रकरण चार तासांत उरकलं. रसायनशास्त्र म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवघेव. मग केंद्रकावर आयन आदळवून रसायनाच्या माणसाला काय मिळतं?
– एम.एस्सी. भाग १ची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : मोजदाद मिळते. कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू, आणि पृष्ठभागापासून किती खोलवर, याचा हिशेब.

रासायनिक बंधाची ऊर्जा काही इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. आपण नमुन्यावर सोडतो तो हेलियम आयन २ एमईव्हीचा, म्हणजे २० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा. समोरचा लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन बसला आहे की तीन, याचा त्याला पत्ताही लागत नाही. तो केंद्रकाच्या विद्युतभारामुळे मागे फेकला जातो आणि येताना एवढंच सांगतो, की अमुक वस्तुमानाच्या केंद्रकाशी गाठ पडली. ऑक्सिडेशन अवस्था हवी असेल तर एक्सपीएसकडे (एक्स-किरणांनी बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजण्याच्या पद्धतीकडे) जा, रचना हवी असेल तर एक्स-किरण विवर्तनाकडे. हे आधी सांगते, कारण आयन झोताकडून बंधाची माहिती मागणारे अर्ज मी खूप वाचले आहेत.

पण याच आंधळेपणात त्याचं बळ आहे. आयसीपी (प्लाझ्मा वापरून मूलद्रव्यं मोजण्याची पद्धत) किंवा अणुशोषण पद्धतीत प्रमाणित द्रावणं करून कॅलिब्रेशनचा आलेख काढावा लागतो, आणि नमुन्यातली इतर द्रव्यं निकालात ढवळाढवळ करतातच. माघारी येणारे आयन मोजण्याच्या पद्धतीत, जिला सगळे आरबीएस (रदरफर्ड बॅकस्कॅटरिंग) म्हणतात, जड अणूंसाठी अशा आलेखाची गरज पडत नाही. किती आयन सोडले, किती कोनात किती परत आले, आणि रदरफर्ड यांचं सूत्र, एवढ्यावर अणूंची संख्या निघते. मँचेस्टरमध्ये १९०९ साली गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या वर्खावरून अल्फा कण उलटे फिरताना पाहिले, त्या प्रयोगातून निघालेलं हे सूत्र. रदरफर्ड यांना त्याच्या आदल्या वर्षी मिळालेलं नोबेल रसायनशास्त्राचं होतं, हे आपल्या विद्यार्थ्यांना कुणी आवर्जून सांगत नाही.

आणखी एक रसायनतज्ज्ञ लक्षात ठेवा : शिकागो विद्यापीठातले अँथनी टर्केविच. चंद्रावरची माती हातात यायला अजून दोन वर्षं होती, तेव्हा सप्टेंबर १९६७ मध्ये सर्व्हेयर-५ हे यान चंद्रावर उतरलं आणि टर्केविच यांच्या उपकरणाने तिथल्या जमिनीवर क्युरियम-२४२ चे अल्फा कण सोडले. परत आलेले अल्फा आणि केंद्रकीय अभिक्रियेतून सुटलेले प्रोटॉन मोजून त्यांनी सांगितलं, की ही माती बेसॉल्टच्या जातीची आहे. अपोलोने आणलेल्या दगडांनी ते खरं ठरवलं. 'प्रज्ञान'वरचं अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेलं उपकरण याच घराण्यातलं आहे. त्यात क्युरियम-२४४ आहे, आणि ते परतणाऱ्या अल्फांऐवजी मातीतून उठणारे एक्स-किरण वाचतं. क्युरियम-२४२ चं अर्धायुष्य १६३ दिवस, क्युरियम-२४४ चं १८ वर्षं. चंद्राच्या मोहिमेसाठी समस्थानिक निवडणं हे रसायनाच्याच माणसाचं काम आहे.

प्रश्न : पुस्तकात वर्गमुळं, साइन, कोसाइन असलेलं लांबलचक सूत्र आहे. ते पाठ केलं, पण समजलं नाही. सोपं करून सांगाल का? आणि पितळेतलं तांबं-जस्त या पद्धतीने मोजता येईल का?
– एम.एस्सी. भाग २, सोलापूर

उत्तर : कॅरम खेळला आहात ना? हलकी सोंगटी जोरात जड स्ट्रायकरवर आदळली तर ती मागे उसळते. समोरचं जितकं जड, तितका तिचा वेग कमी घटतो. भिंतीवर आपटली तर जवळजवळ त्याच वेगाने परत येते. आरबीएसमधली ऊर्जेची सगळी गोष्ट एवढीच. संवेग आणि ऊर्जा अक्षय्य राहतात, हे अकरावीतलं ज्ञान तिथे पुरतं.

परतणारे आयन टिपणारा डिटेक्टर झोताच्या दिशेपासून साधारण १६५ ते १७० अंशांवर असतो. आपण सोयीसाठी पूर्ण १८० अंश धरू. मग ते लांबलचक सूत्र आक्रसून एवढं उरतं : दोन्ही वस्तुमानांच्या वजाबाकीला बेरजेने भागा आणि आलेल्या संख्येचा वर्ग करा. तेवढा ऊर्जेचा अंश घेऊन आयन परत येतो. वही घ्या आणि माझ्याबरोबर करा. हेलियम ४, सोनं १९७. वजाबाकी १९३, बेरीज २०१, भागाकाराचा वर्ग ०.९२२. म्हणजे २ एमईव्हीने गेलेला हेलियम सोन्यावरून १.८४ घेऊन परतला. सिलिकॉन २८ : २४ भागिले ३२, वर्ग ०.५६, परतीची ऊर्जा १.१२५. ऑक्सिजन : ०.७२. कार्बन : ०.५०. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या जागी उभं राहिलं की नाही?

आता तुमचं पितळ. तांब्याचं सरासरी वस्तुमान ६३.५, जस्ताचं ६५.४. हेच गणित केलंत तर तांब्यावरून १.५५४ आणि जस्तावरून १.५६५ एमईव्ही येईल. फरक ११ केईव्हीचा, म्हणजे ११ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा. सिलिकॉनच्या नेहमीच्या डिटेक्टरची विभेदनक्षमता (जवळच्या दोन ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची मर्यादा) सुमारे १५ केईव्ही. म्हणजे दोन्ही पीक (आलेखावरची शिखरं) एकमेकांत मिसळणार. शिवाय पितळेचा जाड तुकडा घेतलात तर आयन आत शिरताना आणि बाहेर येताना ऊर्जा गमावत राहतो, त्यामुळे पीक न दिसता नुसता पसरट उतार दिसतो. जड मूलद्रव्यांत ही अडचण आणखी वाढते. सोनं आणि प्लॅटिनम या पद्धतीला वेगळे दिसतच नाहीत.

पितळेसाठी पिक्सी वापरा. प्रोटॉन आदळवायचे आणि अणूंतून निघणारे एक्स-किरण मोजायचे. ही पद्धत १९७० साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातून पुढे आली. तांब्याची के-अल्फा रेषा (त्याची ओळख पटवणारा एक्स-किरण) ८.०५ केईव्हीवर, जस्ताची ८.६४ वर, आणि चांगल्या एक्स-किरण डिटेक्टरची विभेदनक्षमता ०.१५ च्या आसपास. दोन्ही अगदी सुटी दिसतात. मोस्ली यांनी १९१३ साली एक्स-किरणांना अणुक्रमांकाशी जोडणारा जो नियम मांडला, त्याचाच हा उपयोग. ३ एमईव्हीचा प्रोटॉन हवेतसुद्धा १४ सेंटिमीटरच्या आसपास जातो, म्हणून वस्तू निर्वात पेटीत घालायचीही सक्ती नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तळघरात असा झोत देणारा ॲक्सिलरेटर (कणांना वेग देणारं यंत्र) आहे आणि जुन्या मूर्ती-दागिन्यांचा कणही न खरवडता तिथे विश्लेषण होतं. आपल्याकडच्या जुन्या नाण्यांचं, पितळी समयांचं असं काम आणखी खूप व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी सोल-जेल पद्धतीने (द्रावणाचं जेल करून) सिलिकॉनवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप देते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्याच्या छेदाची जाडी १०० नॅनोमीटर दिसते, आरबीएसच्या अहवालात ६८. सर म्हणतात, एक मोजणी चुकली आहे, शोधून काढ. शिवाय ऑक्सिजनचं टायटॅनियमशी प्रमाण २ ऐवजी २.२ आलंय. काय करू?
– पीएच.डी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : कदाचित एकही चुकली नसेल, आणि तसं असेल तर तुमच्या हातात एक जास्तीचा निष्कर्ष आहे.

आरबीएस नॅनोमीटर मोजतच नाही. ते एका चौरस सेंटिमीटरमागे किती अणू आहेत ते मोजतं. नॅनोमीटर नंतर येतात, कुणीतरी घनता गृहीत धरून भागाकार केल्यावर. अहवालाच्या तळाशी घनता लिहिली आहे का पाहा. बहुधा ॲनाटेसची, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाची, घन सेंटिमीटरला ३.९ ग्रॅम धरलेली असेल. उलट हिशेब करू. ३.९ ला रेणुभार ७९.९ ने भागा, ॲव्होगाड्रो संख्येने गुणा : एका घन सेंटिमीटरमध्ये टायटॅनियमचे २.९४ गुणिले १० चा २२वा घात इतके अणू. तुमच्या लेपात चौरस सेंटिमीटरमागे २ गुणिले १० चा १७वा घात इतके टायटॅनियम अणू मोजले गेले असतील, तर भागाकार नेमका ६८ नॅनोमीटर येतो. तेवढेच अणू प्रत्यक्षात १०० नॅनोमीटरभर पसरले आहेत. म्हणजे लेपाची खरी घनता २.६५ च्या जवळपास, आणि सुमारे ३२ टक्के जागा पोकळ. सोल-जेलच्या लेपात छिद्रं असणारच. सरांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

हे इतक्या कळकळीने सांगते, कारण हीच चूक मी केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका लेपाचा अहवाल देताना मी सरळ नॅनोमीटर लिहिले, घनता कोणती धरली ते लिहिलं नाही. लेप देणाऱ्या गटाने तो आकडा खरा धरून आपल्या प्रक्रियेची वेळ वाढवली. जाड झालेले लेप तडकू लागले तेव्हा कुठे कारणाचा शोध सुरू झाला. दोन महिन्यांचं त्यांचं काम वाया गेलं. त्यानंतर अणूंची संख्या पहिल्या ओळीत आणि नॅनोमीटर, घनतेसह, दुसऱ्या ओळीत, असाच अहवाल मी आयुष्यभर लिहिला.

आता २.२ चं प्रमाण. त्यावर लगेच विसंबू नका. मागे फेकले जाण्याची शक्यता अणुक्रमांकाच्या वर्गाने वाढते : टायटॅनियमसाठी २२ चा वर्ग ४८४, ऑक्सिजनसाठी ६४. आधीच ऑक्सिजनचा आवाज लहान. त्यात वरच्या पत्रात काढलेले आकडे आठवा : ऑक्सिजन ०.७२ ला, सिलिकॉन १.१२५ ला. खालचा सिलिकॉनचा जाड तुकडा १.१२५ पासून खालची सगळी जागा व्यापतो आणि तुमचा ऑक्सिजन त्या डोंगरावर एवढासा उंचवटा म्हणून बसतो. डोंगर वजा करताना थोडी जरी चूक झाली तरी २ चे २.२ होतात. पुढच्या वेळी तोच लेप काचेसारख्या गुळगुळीत कार्बनच्या तुकड्यावरही द्या. कार्बन ०.५० ला संपतो, त्यामुळे ऑक्सिजन मोकळ्या जागी उभा राहील. किंवा हेलियमची ऊर्जा ३.०४ एमईव्हीच्या किंचित वर न्यायला सांगा. तिथे ऑक्सिजनच्या केंद्रकाशी अनुनाद होतो (ऊर्जा नेमकी जुळते) आणि परतणाऱ्या आयनांची संख्या रदरफर्डच्या सूत्रापेक्षा वीसपटीहून जास्त होते. एवढं करूनही २.२ च आले, तर लेपात अडकलेलं पाणी आणि हायड्रॉक्सिल यांचा विचार करा. नमुना ४५० अंशांवर तापवून पुन्हा मोजा.

प्रश्न : मी लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर काम करतो. हायड्रोजन आणि लिथियम दोन्ही हवेत. आरबीएसमध्ये दिसत नाहीत असं ऐकलं.
– पुणे

उत्तर : बरोबर ऐकलंत. जड स्ट्रायकर हलक्या सोंगटीवर आदळला तर तो पुढेच जातो, मागे येत नाही. हेलियमपुढे हायड्रोजन ही तशीच हलकी सोंगटी. तिथे स्ट्रायकरची वाट न पाहता उडालेली सोंगटीच पकडायची. झोत नमुन्याला तिरका घासून जाऊ द्यायचा आणि पुढच्या बाजूला हायड्रोजन झेलायचा. या पद्धतीला एर्डा म्हणतात, आणि जड आयन वापरले तर तिच्यात लिथियमही येतो.

हायड्रोजन नेमका किती खोलीवर आहे हे पाहायचं तर नायट्रोजन-१५ चा झोत घेतात. त्याची ऊर्जा ६.३८५ एमईव्ही असेल तेव्हाच हायड्रोजनशी अभिक्रिया होते आणि ४.४३ एमईव्हीचा गॅमा किरण निघतो. ऊर्जा थोडी वाढवली की आयन आत थोडं अंतर जाऊन, ऊर्जा गमावत बरोबर ६.३८५ वर येतो आणि तिथला हायड्रोजन सांगतो. अशी पायरी-पायरीने खोली उलगडते. लिथियमच्या एकूण प्रमाणासाठी प्रोटॉन झोत आणि ४७८ केईव्हीचा गॅमा. या पद्धतीचं नाव पिगी. सोडियम आणि फ्लोरिनलाही ती उत्तम, म्हणजे तुमच्या इलेक्ट्रोलाइटच्या क्षारातल्या फ्लोरिनचीही सोय झाली. एक काळजी घ्या : पॉलिमर बाइंडरमधला हायड्रोजन झोतामुळेच निसटत जातो. मोजणी एकाच जागी लांबवू नका, वेळेगणिक आकडा घटतो का ते नोंदवा.

प्रश्न : टँडेम ॲक्सिलरेटरला सुरुवातीला ऋण आयन लागतो असं वाचलं. हेलियम तर निष्क्रिय वायू! त्याचा ऋण आयन कसा होईल?
– बी.एस्सी. तृतीय वर्ष, मडगाव

उत्तर : शाबास! पूर्ण पदव्युत्तर वर्गात हा प्रश्न क्वचित कुणी विचारतं. तुझी शंका रास्त आहे : साध्या स्थितीतला हेलियम जास्तीचा इलेक्ट्रॉन धरूच शकत नाही.

पण हेलियमचे धन आयन रुबिडियमच्या वाफेतून नेले तर? रुबिडियम पहिल्या गणातला, आयनन ऊर्जा जेमतेम ४.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, इलेक्ट्रॉन द्यायला उत्सुक. हेलियम आयनाला एक इलेक्ट्रॉन मिळतो आणि तो उत्तेजित अणू होतो : एक इलेक्ट्रॉन १एस कक्षकात, दुसरा २एसमध्ये. अशा उत्तेजित अणूला आणखी एक इलेक्ट्रॉन २पीमध्ये बसवून घेता येतो. तिन्ही इलेक्ट्रॉनांची फिरकी (स्पिन) एकाच दिशेला असल्याने तो लगेच मोडत नाही. त्याचं आयुष्य मायक्रोसेकंदांत मोजावं एवढंच, पण २० केईव्हीचा हेलियम एका मायक्रोसेकंदात सुमारे १ मीटर धावतो. तेवढ्यात तो यंत्राच्या तोंडाशी पोचतो. आत १० लाख व्होल्टचा धन टर्मिनल त्याला ओढून घेतो, तिथे विरळ वायू त्याचे इलेक्ट्रॉन सोलतो, आणि धन झालेल्या आयनाला तोच टर्मिनल पलीकडे ढकलून देतो. एकाच व्होल्टेजचा दोनदा उपयोग : १ आणि १ मिळून २ एमईव्ही. इलेक्ट्रॉन विन्यास परीक्षेपुरते पाठ करतो, त्यांच्यावर एवढं मोठं यंत्र चालतं.

प्रश्न : माझ्या मुलीला अशा प्रयोगशाळेत प्रकल्पाची संधी मिळते आहे. घरात सगळ्यांना किरणोत्साराची धास्ती वाटते. नमुने किरणोत्सारी होतात का?
– एक वडील, सांगली

उत्तर : तुमची काळजी मी समजू शकते, माझ्या आईलाही ती होती. २ एमईव्हीचा हेलियम सिलिकॉनसारख्या केंद्रकाला शिवूच शकत नाही. दोघांच्या धन भारांमधला अडथळा ६ एमईव्हीच्या वर आहे, त्यामुळे तो बाहेरूनच परततो. नमुना मोजून झाल्यावर हातात घेता येतो. झोत बंद केला की किरणही थांबतात. ड्यूटेरॉनचा (जड हायड्रोजनच्या केंद्रकांचा) झोत मात्र वेगळा : त्यातून न्यूट्रॉन निघतात आणि कार्बनपासून १० मिनिटं अर्धायुष्याचा नायट्रोजन-१३ तयार होतो. तेव्हा झोत चालू असताना त्या दालनात कुणी जात नाही. मुलीला सांगा, छातीवर टीएलडी बॅज (किरणोत्साराची मात्रा नोंदवणारा बिल्ला) लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही आणि दाराचं इंटरलॉक (दार आणि झोत यांना जोडणारी सुरक्षा-कळ) कुणीही, कितीही घाईत असलं, तरी चुकवू द्यायचं नाही. एवढं पाळणार असेल तर तिला जरूर पाठवा.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात यातलं काहीच नाही. नमुना कुठे पाठवायचा, कसा तयार करायचा?
– जळगाव, लातूर आणि अमरावतीहून तीन पत्रं

उत्तर : दिल्लीचं आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्र विद्यापीठांच्या संशोधकांसाठीच आहे. प्रस्ताव लिहून झोताची वेळ मागायची. भुवनेश्वरची भौतिकी संस्था, कल्पाक्कम व हैदराबादच्या प्रयोगशाळा आणि आपल्या ट्रॉम्बेचा घडी घातलेला (फोल्डेड) टँडेम ॲक्सिलरेटर इथेही ही कामं होतात. प्रस्तावात यंत्राचं वर्णन करू नका, ते त्यांना माहीत आहे. कोणत्या मूलद्रव्याचा कोणता प्रश्न आहे, ते पाच ओळींत लिहा.

नमुना साधारण १ सेंटिमीटर चौरस, सपाट, गुळगुळीत आणि कोरडा. कोरडा हा शब्द दोनदा वाचा. एकदा बाहेरून आलेला एक नमुना आम्ही दुहेरी चिकटपट्टीने बसवला. लेपात उरलेलं द्रावक आणि पट्टीतला डिंक यांनी निर्वात इतका बिघडवला, की दिवसभर पंप चालूनही झोत सोडता आला नाही. आठ तासांची पाळी गेली, आणि मागे रांगेत एक विद्यार्थी परतीचं रेल्वेचं तिकीट खिशात घेऊन बसला होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

नमुना विद्युतरोधक असेल तर आधी कळवा. अंगावर भार साचला की झोताची मोजणी बिघडते. आणि ती मोजणी तुमच्या ओळखीची आहे : १० नॅनोअँपिअरचा झोत १००० सेकंद चालला की १० मायक्रोकूलंब भार जमतो. फॅरडेच्या स्थिरांकाने, म्हणजे ९६,४८५ ने, भागा. एकपट भाराचे आयन असतील तर संपूर्ण प्रयोगात नमुन्यावर पडला तो हेलियम एक नॅनोमोलचा दहावा भाग. विद्युतअपघटनाच्या प्रात्यक्षिकात केलेलाच हा हिशेब.

पाठवताना प्रत्येक नमुन्याबरोबर लेप न दिलेला कोरा तुकडाही ठेवा. क्रमांक मागच्या बाजूला हिऱ्याच्या टोकाने कोरा, मार्करने लिहू नका. आणि पाकिटावर लेपाची बाजू कोणती ते स्पष्ट लिहा. पारदर्शक लेप डोळ्यांना दिसत नाही.